भिंतीपर्यंतची पाखाडी

शुद्धलेखनाच्या चुका होणार, हे आधीच सांगते. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, आणि अक्षर तर त्याहून वाईट. आयुष्यभर चिरे ओळंब्यात बसवले, पण कागदावरची ओळ काही सरळ राहत नाही, शेवटाला आली की खाली घसरते. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. वाचणारे कोणी असेल तर.

आमच्या महिला मंडळाच्या बाई दिवाळी अंक काढतात. तुमच्या कामाबद्दल लिहा, असे त्या मला म्हणाल्या. मी “बघते” म्हटले आणि तिथून उठून आले. चारचौघांत बोलणे मला पहिल्यापासून जमत नाही. आता घरी कोणी नाही, तर वहीत लिहून बघते. त्यांच्याकडे देईनच असे नाही.

माझे काम पाखाड्या बांधायचे. आमच्या रत्नागिरीत हे कोणाला सांगावे लागत नाही, पण बाहेरच्या माणसासाठी सांगते. कोकणात घरे उतारावर असतात. एक घर वर, एक खाली, मध्ये झाडी. एका घरातून दुसऱ्या घरात, शाळेत, देवळात, बाजारात जायची जी चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, ती पाखाडी. गाडीरस्ता डोंगराला वळसे घालत जातो. पाखाडी सरळ जाते, कारण ती पायांसाठी असते.

माझे वडील गवंडी. त्यांना आम्ही दोघी मुली. चौथी झाल्यावर ते म्हणाले, उद्यापासून माझ्याबरोबर ये, चिरा हातात द्यायला कोणीतरी लागते. पुढे चिरा देता देता बसवायला लागले. लग्न झाले, हे मुंबईला कामाला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. मी वाडीतच काम करत राहिले. बाईमाणूस गवंडीकाम करते म्हणून आधी लोक हसले, मग “गवंडीण” म्हणू लागले, मग त्यातले हसू गेले.

चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा. तो खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो. तेव्हाच तासून घ्यायचा. वारा लागला की तो घट्ट होतो, मग हत्यार वाजते आणि कोपरे उडतात. पायरी बसवताना तिला पुढच्या बाजूला जरासा उतार द्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही. साचले की शेवाळ, आणि शेवाळ म्हणजे कोणाचे तरी कंबरडे. पण हे सगळे कोणीही गवंडी शिकतो. खरे काम पायरीची उंची ठरवायचे.

आमच्याकडे पाखाडीवरून चालणाऱ्या बाईच्या डोक्यावर काहीतरी असते. पाण्याचा हंडा, गवताचा भारा, माशांची पाटी. तिला स्वतःचे पाय दिसत नाहीत. पहिल्या दोन पायऱ्या पाय शोधून घेतो, पुढच्या सगळ्या तो आठवणीने चढतो. एक पायरी जरी उंच झाली तरी ती बाई पडते. म्हणून वडिलांची पद्धत अशी होती, की ज्या माणसाला ती वाट सगळ्यात जड जाते, त्याला भार घेऊन उतारावर चालवायचे. त्याचे पाऊल जिथे पडेल तिथे चुन्याची खूण करत मागून जायचे. याला ते चाल घेणे म्हणत. पायऱ्या त्या चालीच्या बांधायच्या. ज्याला जड जाते त्याला सोपी झाली, की बाकीच्यांना ती सोपीच असते.

आता ज्या पाखाडीसाठी हे लिहायला बसले तिच्याबद्दल.

कोकण रेल्वे सुरू झाली त्या सुमारास आमच्या वाडीच्या वर, सड्यावर, प्लॉट पडले. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ, पूर्वी तिथे गुरे जायची. बघता बघता कॉलनी झाली. नोकरीवाले आले, मास्तर आले, बँकेतले आले. चांगली माणसे. पण कॉलनी ज्याने आखली त्याने गाड्यांचा विचार केला आणि पायांचा केला नाही. वर जायचा डांबरी रस्ता अरुंद, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला गटार. त्यावरून चिरे भरलेले ट्रक, टेंपो, रिक्षा. चालणाऱ्याने कुठे चालायचे ते कोणी लिहून ठेवले नव्हते.

जुनी वाट होती. आमच्या वाडीतून वर जाणारी मातीची घाटी, वरचा अर्धा भाग आबांच्या आंब्याच्या बागेतून. आबा म्हणजे बागेचे मालक, ऐंशीच्या घरातले, बायको गेलेली, मुलगे मुंबईला. पावसात ती घाटी म्हणजे नुसता चिखल. तरी लोक तिथूनच जायचे, कारण रस्त्याने गेले तर तिपटीने लांब.

सगळ्यात जास्त जायची ती शेवंतीमावशी. माझी नात्यातली नाही, शेजारीण. पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासे घ्यायचे, पाटी डोक्यावर घेऊन वाडीत यायचे, आणि घाटी चढून कॉलनीत विकायचे. उजवा गुडघा गेलेला. मुलगी मंडणगडला दिलेली, इथे ती एकटी.

एकदा पावसात ती मध्येच बसली. मी खालून जात होते. मला बघून म्हणाली, “अगो गवंडीण, दुनियेच्या पाखाड्या बांधतंस, माझ्याच वाटेवर काय तुझा हात मोडलाय?”

मी म्हटले, “पैसे कोण देणार मावशी?”

“देऊ की. वर्गणी काढू. मी तुला कॉलनीतनं काढून देतो. माझे बांगडे खातात, वर्गणी देणार नायत?”

आणि तिने काढली. कॉलनीत माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. ती दारात पाटी उतरवायची, भाव सांगायची, आणि मासे हातात द्यायच्या आधी पाखाडीचे पैसे मागायची. वाडीतल्या घरांनीही दिले. तिने स्वतःचे दिले ते कमरेच्या चंचीतून काढून, माशाचा वास असलेल्या नोटा. पैसे माझ्याकडे ठेवले. मी सगळ्यांना सांगितले, पाखाडी कॉलनीपर्यंत पोचली नाही तर ज्याचे त्याला परत. आमच्या वडिलांचे तसेच असायचे.

आबांना विचारायला वाडीतले चारजण गेले, मीही मागे उभी होते. आबा म्हणाले, “विचारायचं काय त्यात? माझ्या आज्याच्या वेळेपासून लोक जातायत. बांध तू.” मग त्यांनीच नारळ आणला. बागेच्या तोंडाशी, वाटेवर, चिऱ्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. “बा देवा महाराजा, ही वाट माझ्या बागेतून जाते ती अशीच जाऊ दे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाची राखण कर.” आम्ही सगळे म्हणालो, “व्हय महाराजा.” नारळ वाढवला, खोबरे वाटले, झाले.

कॉलनीतले एक निवृत्त मास्तर तेव्हा आमच्याबरोबर होते. परत येताना ते हळूच म्हणाले, “आबांकडून दोन ओळी लिहून घ्यायला हव्या होत्या का?” सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले, की जणू त्यांनी देवळात चप्पल घातली. नारळ ठेवल्यावर कागद मागायचा? म्हातारा मनाला लावून घेईल. मास्तर स्वतःच ओशाळले. “नाही नाही, बरोबर आहे तुमचं,” म्हणाले. तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

चाल घेतली ती शेवंतीमावशीची. तिला सांगितले, रिकामी पाटी चालायची नाही, लिलावातून येशील तशीच ये. ती पुढे, मी मागे वाकून चुन्याच्या खुणा करते आहे.

“अगो, चाल बघतंस की सून बघतंस?”

“गप चल मावशी. बोललीस की तुझं पाऊल लांब पडतं.”

“बघा आता. पाखाडीसाठी तोंडाला पण कुलूप.”

वर मास्तर उभे होते. त्यांना सकाळी फिरायची सवय. ते म्हणाले, “मी रोज इथून जाणार, मग माझ्या पावलाचं माप का नको?”

मी चुन्याची खूण करतच राहिले. मावशीच म्हणाली, “मास्तर, तुमचा भार डोक्याच्या आत असतो. त्याचा गुडघ्याला त्रास नाय.” मास्तर इतके हसले की त्यांना झाडाला धरावे लागले.

मध्यावर, आबांच्या बागेच्या तोंडाशी, एक कट्टा बांधला. मावशीच्या खांद्याइतका उंच. त्याचे कारण असे, की डोक्यावरची पाटी उतरवायला दुसरे माणूस लागते. कट्टा खांद्याला आला, तर एकटी बाई मान जरा तिरकी करून पाटी त्यावर सरकवते आणि उठवतेही. एकट्या बाईला या कट्ट्याचे मोल किती, ते एकट्या बाईलाच कळेल.

दुसरे गिऱ्हाईक इब्राहिमभाई पाववाले. ते सायकलवरून पाव विकायचे, मागे मोठी टोपली, पुढे भोंगा. त्यांनी वर्गणी दिली आणि माझ्यासमोर उभे राहिले. “बाय, पायवाल्यांची सोय केलीस. माझ्या चाकाचं काय? सायकल खांद्यावर घेऊन चढू?”

पायऱ्यांवर सायकल कशी न्यायची याचा मी कधी विचार केला नव्हता. मग पायऱ्यांच्या एका कडेला तिरके चिरे लावले आणि त्यांत चाकापुरता चर कोरला. माणसाने पायरीवरून चालायचे, सायकल बाजूने चरातून ढकलायची. कॉलनीतल्या मुली सायकलने शाळेत जायच्या, त्यांनाही ते आवडले. उतरताना ब्रेक दाबून सायकल चरात सोडायच्या आणि खिदळत मागे पळायच्या. पण मी चर आतल्या बाजूला, दरडीकडे ठेवला होता. पहिल्याच पावसात डोंगरचे पाणी त्या चरात शिरले आणि त्याची मोरी झाली. इब्राहिमभाईंचे चाक घसरले, टोपली उलटली, आणि पाव एकेक पायरी टप्पे घेत खाली वाडीत आले. कोंबड्या धावल्या.

“गवंडीणबाय!” वरून आवाज आला, “तुझ्या पाखाडीनं माझा धंदा कोंबड्यांना दिलान!”

मला रडू यायचेच बाकी होते. ते मात्र खाली येऊन पायरीवर बसले आणि भिजलेला एक पाव कोंबडीपुढे टाकत म्हणाले, “आता चर बाहेरच्या अंगाला घे, आणि दर पायरीला पाणी जायला फट ठेव.” पावसाळा संपल्यावर तसे केले. वरच्या अर्ध्या भागासाठी जे चिरे आणले, त्यांत चर आणि फट आधीच कोरून ठेवली. असे ते सगळे चिरे आबांच्या बागेत, कलमांच्या सावलीत रचून ठेवले. वर्गणीचे सगळे पैसे त्यात गेले. खालचा भाग पुरा झाला होता. वरचा भाग काजू-आंब्याचा हंगाम झाला की सुरू करायचा, कारण हंगामात आबांच्या बागेत कामाला माणसे असायची.

त्या हंगामात आबा गेले. झोपेतच गेले. बाराव्याला मुलगे होते, आमच्याशी चांगले बोलले. पुढच्या हंगामाआधी त्यांनी बाग विकली.

नवीन मालक बाहेरगावचे. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचे नाही. आंब्याची चोरी होते, राखण परवडत नाही, म्हणून त्यांनी बागेला चारही बाजूंनी भिंत घालायला घेतली. आम्ही गेलो. ते खुर्च्या टाकून बोलले. “वाट होती म्हणता, तर सातबाऱ्यावर दाखवा. नकाशावर दाखवा. मी पैसे देऊन जागा घेतली, त्यात मला वाट कोणी सांगितली नाही.”

वाडीतला एकजण म्हणाला, “आबांनी नारळ ठेवलान होता.”

ते हसले नाहीत. त्यांना खरेच कळले नाही. “नारळ म्हणजे?” असे त्यांनी विचारले.

चिऱ्यांचे विचारले तर म्हणाले, “जागेत होते, जागेबरोबर आले असं मी समजलो. पावती असेल तर आणून दाखवा, उचलून न्या.” खाणीवर पावती कोण देतो? कचेरीतही जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी सगळे ऐकून घेतले. “बाई, तुमचं खरं असेल,” म्हणाले, “पण खरं आहे हे मी कशावरून लिहू?” मला बरेच सांगायचे होते. की ती वाट कोणाच्या पायाची आहे ते मला पाऊल न् पाऊल माहीत आहे, चला, चुना घेऊन दाखवते. पण मी नमस्कार करून बाहेर आले.

भिंत झाली. आमच्या पाखाडीच्या कट्ट्याला लागून. मी कोरलेले चिरे त्यांच्या गवंड्याने तिच्यात वापरले, आडवे घालून. अजून दिसतात. पाऊस पडला की त्यांतल्या चरांतून पाणी गळते.

मग सगळे रस्त्याने जाऊ लागले. ज्यांना जमले त्यांनी गाड्या घेतल्या. इब्राहिमभाईंनी सायकल विकून जुनी स्कूटर घेतली, त्यांचा भोंगा आता ऐकू येतो आणि ते दिसायच्या आत निघून जातात. मुलींच्या सायकली कॉलनीतच गोल गोल फिरतात, त्यांच्या आया त्यांना उतारावर सोडत नाहीत, आणि बरोबरच आहे. मास्तर सकाळी स्कूटर काढून समुद्रावर जातात, तिथे चालतात, आणि स्कूटरने परत येतात. चालायला गाडीने जायचे, हे मला आधी खरे वाटले नव्हते.

शेवंतीमावशी पाटी घेऊन रस्त्याने जायची. रिक्षावाले माशाच्या वासाने घ्यायचे नाहीत. मी तेव्हा रस्त्याच्या वळणावर एका बंगल्याच्या कुंपणाचे काम करत होते. वाटांची कामे आता कोणी देत नव्हते, सगळी भिंतींची. एक टेंपो वळला, त्याच्या आरशाचा धक्का पाटीला लागला. तिला काही झाले नाही. पाटी गेली. मी धावले. बांगडे सगळे डांबरावर पसरलेले, मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी ते गोळा करायला लागले, तर ती माझा हात धरून एकच बोलत होती.

“माझा पाय चुकला नाय गो. पाय बरोबर होता. तू बघितलंस ना?”

“बघितलं मावशी. पाय बरोबर होता.”

त्यानंतर तिने पाटी घेतली नाही. थोडे दिवस दारात बसून सुकी मासळी विकली. मग मुलगी येऊन मंडणगडला घेऊन गेली.

मी वर्गणी परत करायला सुरुवात केली होती. भिंतींच्या मजुरीतून थोडी बाजूला ठेवायची, जमली की एका घरी जायचे. लोक म्हणाले, अर्धी पाखाडी तर झाली, अर्धेच दे. पण वर न पोचणारी पाखाडी म्हणजे काय? कोणी मुकाट घेतले. कोणी नको म्हटले, मग त्यांच्या ओट्यावर ठेवून आले. मास्तरांनी घेतले आणि माझ्याकडे बघितले नाही. इब्राहिमभाई म्हणाले, “कोंबड्यांचं वजा कर.”

मावशीनेच घेतले नाहीत. जायच्या आधी दोनदा नेले होते. “ठेव तुझ्याकडं,” म्हणायची. “मी पैसे घेतले म्हणजे वाट मेली. उद्या तो मालक बाग विकेल, दुसरा कोण येईल, दार ठेवील. तेव्हा चिरे कशानं आणशील?” मी ते तांदळाच्या डब्यात ठेवले. तिच्या मनात वाट चालू आहे, तर आपण कशाला बंद करायची, असे वाटायचे. खरे म्हणजे मलाही ते पैसे डब्यात असलेले बरे वाटायचे.

बऱ्याच दिवसांनी तिच्या मुलीचा निरोप आला, आई आठवण काढते. एसटीने मंडणगडला गेले, डबा रिकामा करून. डोंगरातले गाव, समुद्राचा वास नाही. घर चांगले, सिमेंटचे, पण ओट्यावरून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उतरायला एकच उंच पायरी. मावशी ओट्यावर बसलेली, हडकलेली. मुलगी म्हणाली, “पावसाळ्यापासून खाली उतरली नाय. पाय पुरत नाय तिचा.”

घरामागे दोन-चार चिरे पडले होते. जावयाकडून हत्यार मागून घेतले, चिरे जुने, घट्ट झालेले, कोपरे उडाले. तरी संध्याकाळपर्यंत मध्ये एक पायरी बसवली. चाल घ्यावी लागली नाही, ती माझ्या हातात होती.

मग तिचा हात धरला. तिने पाय खाली सोडला, न बघता, आणि तो बरोबर पायरीवर आला. दुसरा आला. ती खळ्यात उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग त्याच पायरीवर बसली आणि चिऱ्यावरून हात फिरवला.

“ही माझीच चाल हाय,” म्हणाली.

“तुझीच.”

“तिकडची वाट आता होणार नाय ना गो?”

इतकी वर्षे मी हे कोणाजवळ बोलले नव्हते. वाडीत नाही, घरात नाही.

“नाय मावशी,” मी म्हटले. “होणार नाय.”

तिने मान हलवली. मग हात पुढे केला. “दे.”

मी पैसे दिले. तिने मोजले नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारली, आणि गाठ घट्ट बसली का ते दोनदा ओढून बघितले. त्या दिवशी पाखाडीची वर्गणी सगळ्यांची सगळी फिटली.